एक्झॅमिन या क्रियापदाची भीती

शाळेत इंग्रजी शिकवताना 'एक्झॅमिन' हा शब्द आला की मी फळ्याकडे तोंड करायची. मुलींना वाटायचं, बाईंना अक्षर सुबक काढायचंय. खरं कारण वेगळं होतं. हा शब्द तोंडातून निघताना माझा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक होतं, आणि वर्गभर पोरींना तो दाखवायची मला हौस नव्हती. बाकी कुठल्याही क्रियापदाशी माझं वाकडं नाही. 'गो', 'कम', 'गिव्ह' यांची सगळी रूपं मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवेन. हे एकच मी घाबरत शिकले आणि पुढे घाबरतच शिकवलं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं घर होतं. मागे भाताची खाचरं आणि त्यापलीकडे खाडीपर्यंत मिठागरं. आम्ही ख्रिस्ती माणसं, पावसाळ्यात भात लावायचो आणि दिवाळी सरली की मिठात उतरायचो. बाप लहानपणीच वारला होता. आय, मी आणि धाकटी बहीण, एवढंच घर. बहिणीचं लग्न उत्तनच्या एका चांगल्या घरात ठरलेलं. माझं मात्र कुणी नाव काढत नव्हतं, कारण मी शिकायचं खूळ घेतलं होतं. मुंबईला मास्तरीण व्हायचं ट्रेनिंग मिळत होतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागायची, आणि शरीर निरोगी असल्याचा डॉक्टरचा दाखला लागायचा.

इंग्रजी शिकवायला देवळातले म्हातारे फादर होते. सकाळची मिस्साची प्रार्थना आटोपली की देवळाच्या ओट्यावर ते एक खुर्ची टाकून बसायचे आणि मी समोर पायरीवर. त्यांची एक खोड होती. शब्द नुसता पाठ करून चालायचं नाही, त्याचं कूळ सांगावं लागायचं. अर्धं इंग्रजी लॅटिनच्या पोटातून आलंय असं ते म्हणायचे. मला त्याचं फार आश्चर्य वाटायचं. लॅटिन म्हणजे मिस्सात घुमणारा आवाज, त्याला अर्थ असतो हेच मुळी कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे 'आमेन' म्हणायचो आणि घरी येऊन सुक्या बोंबलाचं कालवण जेवायचो.

त्या हंगामात एक दिवस मिठागरातून येऊन पाय धुताना मला डाव्या नडगीवर, गुडघ्याच्या जरा खाली, एक फिकट डाग दिसला. मोठ्या रुपयाएवढा. बाकी पाय उन्हानं काळा पडलेला आणि तेवढीच जागा पिवळट, पुसल्यासारखी. मी बोट फिरवलं. आजूबाजूला जसं लागतं तसं तिथं लागलं नाही. किंवा लागलं, पण लांबून. मी पाण्याचा तांब्या तसाच टाकून लुगडं खाली ओढलं. 

आमच्या गावानं रक्तपिती बघितली होती. माझ्या लहानपणी एका शेतकऱ्याला झाली. आधी त्याच्या पाठीवर एक फिका डाग आला, एवढंच. मग लोकांनी त्याला खाडीच्या बांधावर झोपडी घालून दिली. बायको भाकरी दगडावर ठेवून मागे सरायची आणि मग तो येऊन घ्यायचा. पुढे सरकारी माणसं त्याला मुंबईच्या महारोग्यांच्या आसऱ्यात घेऊन गेली, ती गाडी गावानं दारं लावून फटीतून बघितली. तो परत आला नाही. त्याच्या पोरींना कुणी मागणी घातली नाही, आणि ती पोरं विहिरीवर आली की बाया आपली भांडी उचलायच्या. आम्ही लहान होतो, आम्हीसुद्धा उचलायचो.

तेव्हा मला एका नजरेत सगळं दिसलं. ट्रेनिंग तर गेलंच. बहिणीचं लग्न मोडणार, आयला विहीर बंद होणार, आणि मी बांधावर दगडाजवळ. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझा ब्रह्मराक्षस पायावरच बसला होता आणि रोज धुवावा लागत होता.

नेमका त्याच आठवड्यात फादरांनी मला 'एक्झॅमिन' दिला. देवाला थट्टा करायची सवय असावी असं मला तेव्हाही वाटलं होतं, फक्त कुमसाराला, फादरांपुढे पापं कबूल करताना, ते बोलले नाही. ते म्हणाले, या शब्दाचं मूळ लॅटिन 'एक्झामेन', म्हणजे तराजूचा काटा. दोन पारड्यांच्या मधोमध जी जीभ उभी असते ती. त्याच्याही आधी 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'आगेरे' म्हणजे हाकणं. आत दडून बसलेलं बाहेर हाकून आणायचं. मधमाश्यांचा थवा पोळ्यातून बाहेर पडला तर जुने रोमन लोक त्या थव्यालाही हाच शब्द वापरायचे. फादर खुशीत सांगत होते आणि मी लुगड्याखाली डाव्या पायाला उजव्या पायानं झाकत होते. त्या दिवसापासून मला डागाच्या आत काहीतरी गुणगुणतंय असं वाटायला लागलं.

वापर शिकवायला त्यांनी मिठाचंच उदाहरण घेतलं. मिठाचा इन्स्पेक्टर बांधावरून ढिगाकडे नजर टाकतो, तेव्हा 'लुक'. जवळ येऊन उभा राहतो, तेव्हा 'सी'. पण मूठभर मीठ उचलून तळहातावर चोळतो, माती किती आहे ते बघतो, जिभेला लावतो, तेव्हा 'एक्झॅमिन'. म्हणजे नुसतं बघणं नव्हे, बघून काहीतरी ठरवण्यासाठी बघणं. मास्तर पोराला एक्झॅमिन करतो, वकील साक्षीदाराला करतो, जकातवाला पेटीला करतो, डॉक्टर रोग्याला करतो. आपल्याकडे एकासाठी परीक्षा, दुसऱ्यासाठी उलटतपासणी, तिसऱ्यासाठी झडती. इंग्रज सगळ्यांना एकाच दोरीला बांधतो. मी फादरांना विचारलं की या सगळ्यांत सारखं काय. ते म्हणाले, "सारखी भीती. ज्याची तपासणी होते त्याला आधी उत्तर माहीत नसतं."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. या क्रियापदाला करणारा एक लागतो आणि सोसणारा दुसरा. एकच जागा अशी आहे की जिथे दोन्ही एकच माणूस असतो, ती म्हणजे कुमसाराला जाण्याआधी आपण आपलं मन तपासतो ती. मी लगेच म्हणाले, मग माणूस आपलं शरीरही तपासू शकेल. फादर हसले आणि म्हणाले, बघ करून.

मी करून बघत होतेच. शिवणाची सुई घेऊन परसात जायची आणि डागावर टोचायची. पण सुई टोचताना मी तिच्याकडे बघायची, आणि बघितलं की लागल्यासारखं वाटायचं. खरंच लागलं की नुसतं दिसलं, हेच कळायचं नाही. डोळे मिटून टोचलं तर हात माझाच, त्याला सुई कुठे जातेय ते माहीत. एक दिवस खूप लागलं, मी आनंदानं रडले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी रक्त आलं आणि तरी मला ठरवता येईना. दुसऱ्या कुणाला सुई द्यावी तर डाग दाखवावा लागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकून होते आणि मुठीत निखारा होता.

वाक्यं लिहून आणायची होती. इन्स्पेक्टरचं लिहिलं, मास्तरांचं लिहिलं, वकिलाचंही. डॉक्टरचं वाक्य काही केल्या लिहिता येईना. 'द डॉक्टर विल एक्झॅमिन' एवढं लिहून मी थांबायची. कोणाला, ते लिहायला हात पुढे जात नव्हता. फादरांनी ते अर्धं वाक्य बघितलं, काही विचारलं नाही. मला त्यांचा राग आला. विचारलं असतं तर मी सांगून मोकळी झाले असते असं मला तेव्हा वाटायचं. खरं म्हणजे विचारलं असतं तर मी धडधडीत खोटं बोलले असते.

दाखल्याचा दिवस ठरला तेव्हा मात्र मला आयला सांगावंच लागलं. ती चुलीपुढे बसून भात उतरवत होती. मी दार लावून घेतलं आणि पाय उघडा करून दाखवला. एवढंच म्हणाले की इथे नीट लागत नाही.

आयनं डाग बघितला आणि ती हसली. अगदी मोकळं हसली. "मिठागराचा पाय हाय, बाय. त्याला काय समजणार?"

हे समजायला आमच्याकडची रीत माहीत हवी. मिठागराच्या घरात नवी सून आली की पहिला हंगाम ती रडते. खारं पाणी तळव्यांच्या भेगांत शिरतं, पाय सुजतात, झोप लागत नाही. सासू रोज तेल चोळते. मग एक दिवस सून वाफ्यात उतरते आणि तिला झोंबत नाही. त्या दिवशी तेल बंद होतं. सासू शेजारणींना सांगते, पाय मेला, सुटली. घरात गोडाचं होतं. पाय मरणं ही आमच्यात चांगली गोष्ट. बाया ओट्यावर बसून त्याच्या बढाया मारायच्या. कुणाला काटा रुतलेला दुसऱ्या दिवशी कळला, कुणी शिंपला पायात घेऊन बाजारापर्यंत चालली. आणि या सगळ्यांत माझी आय वरचढ. ती चुलीवरचं भाताचं मडकं फडक्याशिवाय उतरवायची. आम्ही पोरी ते इतर मुलींना कौतुकानं सांगायचो. तिचे पाय तर मेलेलेच, हातसुद्धा मेलेत, असं ती स्वतःच म्हणायची.

तिनं त्याही दिवशी मडकं तसंच धरलेलं होतं. मला धीर आला. इतका धीर मला मिस्सातसुद्धा कधी आला नव्हता. तरी ती म्हणाली, मी येते बरोबर. डॉक्टर काय मिठातला माणूस न्हाय, त्याला आपलं काय ठाऊक. मी सांगते त्याला.

डॉक्टर खाडीपलीकडे वसईला बसायचे. आम्ही होडीनं गेलो. आयनं देवळात जायचं लुगडं नेसलं होतं आणि डॉक्टरसाठी कोंबडीची अंडी फडक्यात बांधून घेतली होती. सगळी वाट ती त्याला काय सांगायचं याची तयारी करत होती आणि मी खाडीच्या पाण्याकडे बघत, आपण पडलो तर काय होईल, याचा विचार करत होते. आयचा धीर घरच्या चुलीपाशीच राहिला होता. होडीत माझ्याबरोबर फक्त डाग होता.

डॉक्टर वयस्कर होते, आवाज हळू. त्यांनी छाती ऐकली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, दात बघितले. मला वाटलं सुटले. मग त्यांनी विचारलं, अंगावर कुठे डाग वगैरे? मी लुगडं खाली ओढलं. आयच म्हणाली, हाय एक, पण तो मिठाचा. डॉक्टरांनी पाय स्टुलावर ठेवायला सांगितला. डाग बघून त्यांनी खणातून कोंबडीचं एक पीस काढलं. म्हणाले, डोळे मिटा. पीस लागलं की 'आता' म्हणा. लागलं नाही तर काही म्हणू नका.

डोळे मिटल्यावर मला माझ्या रक्ताचा आवाज ऐकू यायला लागला. बाहेर कुणीतरी बैलाला पाणी पाजत होतं. किती वेळ काहीच लागलं नाही. मी मनात म्हटलं, संपलं, तो पीस फिरवतोय आणि मी मेलेली आहे. बहिणीचा चेहरा आला, बांधावरचा दगड आला. आणि मग नडगीवर एक गुदगुली झाली, इतकी बारीक की मुंगी असावी. मी 'आता' म्हणाले. पुन्हा झाली. 'आता.' मग डागाच्या वरच्या कडेला, मग मधोमध, मग पोटरीवर. 'आता', 'आता', 'आता'. शेवटी मी ओरडतच होते.

डॉक्टर म्हणाले, डोळे उघडा. त्यांनी सांगितलं की हा जुना भाजल्यासारखा डाग आहे, खाऱ्या पाण्यानं कातडीचा रंग गेलाय, स्पर्श शाबूत आहे. इतका वेळ पीस लागलं नाही कारण त्यांनी लावलंच नव्हतं, घाईनं उगाच 'आता' म्हणणारे लोक असतात म्हणून थांबले होते. दाखला मिळेल. मी हसायला लागले आणि थांबता येईना.  मला डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं.

आय तर फुलून आली होती. तिनं अंडी टेबलावर ठेवली आणि तयार करून आणलेलं भाषण सुरू केलं. मिठागराच्या माणसाला सगळं कमीच लागतं, हे तिनं त्यांना समजावून सांगितलं. ते मान हलवत होते, ऐकताहेत की नाही कळत नव्हतं. म्हणून तिनं लुगड्याचा पदर सारून दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "माझंच बघा ना. कोपरापर्यंत हात मेलेत. निखारा ठेवला तरी समजत न्हाय. मला काय झालंय?"

डॉक्टरांनी मान हलवायचं थांबवलं. त्यांनी तिची बोटं उलटी करून बघितली. बोटांच्या टोकांना भाजल्याचे जुने-नवे चट्टे होते, काही अजून ओले. मी ते रोज बघत होते. मग त्यांनी विचारलं, "बाई, मिठागरात हात कोपरापर्यंत पाण्यात असतात?"

आय म्हणाली, "न्हाय न्हाय. पाय पाण्यात. हातात फावडं असतं."

ती हे अगदी सहज म्हणाली. मला ते तिथेच, त्या क्षणी कळलं, आणि माझं हसू तोंडावरच राहिलं. तळव्यांची कातडी खारानं जाड होते, बधिर होते. हात कशानं होतील? एवढी वर्षं एवढ्या बाया ओट्यावर बसून तिचं कौतुक करत होत्या. आम्ही पोरीसुद्धा. हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

डॉक्टर हळूच म्हणाले, बसा जरा. त्यांनी तिचा हात वाकवून कोपराच्या मागची शीर बोटांनी चाचपली, एका जागी बराच वेळ. तिथे त्यांना काहीतरी सापडलं हे मला त्यांच्या पाठीवरून समजलं. आयला यात आपलं म्हणणं खरं ठरतंय असं वाटत होतं. लेकीचं बघितलं, आता माझंही बघू दे त्याला, म्हणजे डॉक्टरला जन्मात एकदा मीठ समजेल, असं काहीतरी ती मला म्हणाली. मी आयचं लुगडं घट्ट धरून ठेवलं होतं. चल, होडी जाईल, असं मी म्हणाले. तिनं माझा हात सोडवला.

डॉक्टरांनी तिलाही डोळे मिटायला सांगितलं आणि 'आता' कधी म्हणायचं तेही. आयनं पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. तिला परीक्षा देण्याचा मान आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता.

पीस तिच्या मनगटावर आलं. तिथून ते हळूहळू वर गेलं, कोपरापर्यंत, मग परत खाली, तळहातावर, एकेका बोटावर. डॉक्टर दाबून फिरवत होते. मला खुर्चीवरून त्याचा खरखर आवाज येत होता. आयच्या ओठांवर हसू होतं. ते दुसऱ्या हाताकडे गेले. मनगट, कोपर, तळहात.

"कधी सुरू करणार, डॉक्टर?" आयनं विचारलं.

"आता," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मानेनं नको म्हणाले. मग त्यांनी पीस खाली ठेवलं आणि टेबलावरची टाचणी उचलली. आय डोळे मिटून तशीच बसली होती, वाट बघत.